मुदत पाहुणीची, जबाबदारी यजमानाची



आपल्या घरांतून हल्ली एक सल्ला फार स्वस्त झाला आहे. "राहा गं आणखी चार महिने, कोण विचारतो? मग घरी जा आणि पुढच्या वर्षी पुन्हा ये." मिशिगनमधील या ट्रॉय शहरात तो आम्ही कितीदा ऐकला असेल, त्याची गणती नाही. देणारे स्वतः अमेरिकेचे नागरिक असतात, नाही तर ग्रीन कार्डवाले. घेणारी असते ठाण्याहून, पनवेलहून अगर अलिबागहून पाहुणी म्हणून आलेली मावशी, आत्या किंवा थोरली बहीण. सल्ला एकाने द्यावा आणि शिक्षा दुसरीने भोगावी, याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

ती पाहुणी येते कशासाठी, हेही बोललेच पाहिजे. आम्ही उभा जन्म नर्सचे काम केले. येथील इस्पितळे बाळंतिणीला दोन दिवसांत घरी पाठवतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पुढे बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे, बाळंतिणीला गरम जेवण देणे, रात्री उठणे हे सगळे करायला माणूस लागते. पगारी बाई ठेवावी तर फार पैसे पडतात. म्हणून मावशीला तिकीट पाठवले जाते. यात वाईट काहीच नाही. पण सहा महिने संपत आले, सुनेची रजाही संपली, आणि मग "आणखी थोडे दिवस" सुरू होते. ही माया आहे की आपली सोय, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पासपोर्टावरील व्हिसावर बहुधा दहा वर्षांची तारीख असते आणि तीच पाहून घरचे निश्चिंत राहतात. ती तारीख दारापर्यंत येण्याची. आत किती दिवस राहायचे, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि आय-९४ नावाच्या नोंदीत लिहितो. ही मुदत सहसा सहा महिन्यांची असते. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांना त्याचा कागद हातात मिळत नाही, नोंद संगणकावर पाहावी लागते. ती पाहायचे काम कोणाचे? इंग्रजी जेमतेम वाचणाऱ्या मावशीचे, की तिला बोलावणाऱ्या इंजिनियर भाच्याचे?

मुदत एका दिवसाने जरी उलटली तरी तो व्हिसा रद्द ठरतो आणि नवा बहुधा मायदेशी जाऊनच मागावा लागतो. १८० दिवसांहून अधिक, पण वर्षाहून कमी काळ जास्त राहून जी परत गेली, तिला तीन वर्षे पुन्हा प्रवेश नाही. वर्ष किंवा अधिक झाले, तर दहा वर्षे. हा कायदा १९९६ साली झाला आणि त्यातील दिवसांची मोजणी १ एप्रिल १९९७ पासून सुरू झाली. इस्रायलमधील आपल्या नातेवाइकांनीही हे ध्यानात ठेवावे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यांना व्हिसाशिवाय ९० दिवस येता येते, पण ते ९० दिवस वाढवून मिळत नाहीत आणि उलटले तर ती सवलत पुढे त्यांच्यापुरती संपते.

कोणी म्हणेल, हा कायदाच उफराटा आहे. आमचेही तेच मत आहे. ही तीन आणि दहा वर्षांची बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. जी गुपचूप राहिली तिला पकडले जाण्याची भीती आहे, पण जी शहाणपणाने घरी गेली तिच्यामागे मात्र दार बंद. म्हणून कित्येक जण जातच नाहीत. गावाकडे आई वारली तरी तिच्या कबरीवर माती लोटायला जाता येत नाही. असा कायदा बदलावा, असे आम्ही उघड म्हणतो. परंतु कायदा निर्दय आहे हे माहीत असताना त्याच्या तावडीत आपल्या म्हाताऱ्या मावशीला देणे, हा कोणता न्याय?

दुसरा एक सल्ला आमच्या भागातला खास. "डेट्रॉइटचा पूल ओलांडून विंडसरला जाऊन या, तारीख नवी होते." साफ खोटे! कॅनडाची अशी धावती फेरी केल्याने सहसा नवी मुदत मिळत नाही. उलट, जिचे १८० दिवस उलटून गेले आहेत तिने तो पूल ओलांडला की देश सोडला, आणि बंदी तेथेच लागली. नायगारा दाखवायला कॅनडाच्या बाजूला नेण्याची हौसही अशीच महागात पडते.

"मुलगा सिटिझन आहे, काही तरी होईल," हे तिसरे आश्वासन. मुलगा वा मुलगी नागरिक असून २१ वर्षांची असेल, तर रीतसर तपासणी होऊन आत आलेल्या आईवडिलांना मुदत उलटल्यावरही येथूनच ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, हे खरे. पण मावशीला आणि आत्येला तो मार्ग नाही. बहिणीसाठी भाऊ अर्ज करू शकतो, मात्र भारतातील भावाबहिणींची रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. आणि एकदा बंदी लागली, की ग्रीन कार्डासाठी माफी मागताना पतीचे वा पत्नीचे, आईचे वा वडिलांचे हाल दाखवावे लागतात, आणि तेही नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असावे लागतात. मुलांचे हाल त्यात थेट धरत नाहीत, मग भाच्याचे कोण धरणार?

सर्वांत घातक सल्ला शेवटचा. "फॉर्मवर लिहूच नकोस." व्हिसाच्या अर्जात मुदतीपेक्षा जास्त राहिलात काय, हा प्रश्न सरळ विचारलेला असतो, आणि येण्याजाण्याची नोंद सरकारकडे असते. तेथे खोटे लिहिले तर दहा वर्षांची बंदी जन्माची होऊन बसते. फसवणुकीचा डाग मग त्या बिचारीच्या नावावर, सल्लागाराच्या नाही.

परतीचे दार म्हणजे काय, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. १९५२ ते १९५४ या काळात, धरणी आणि उपोषणे करून, आपले ३३७ लोक इस्रायलमधून भारतात परतले. पुढे काही वर्षांनी त्यांतील बहुतेकांना ज्युईश एजन्सीनेच पुन्हा इस्रायलला नेले. तेथे त्यांच्या पाठीशी १९५० चा परतीचा कायदा होता, येणे हा त्यांचा हक्क होता. अमेरिकेचा पाहुण्याचा व्हिसा हा कोणाचाही हक्क नाही. एकीकडचा अनुभव दुसरीकडे लावू नये.

तेव्हा यजमानांनी एवढे तरी करावे. पाहुणी उतरताच आय-९४ ची तारीख पाहून मोठ्या अक्षरांत स्वयंपाकघरात लावावी. अधिक राहणे खरेच जरूर असेल, कोणी आजारी असेल, तर मुदत संपण्यापूर्वीच, शक्यतो दीड महिना आधी, डॉक्टरांच्या पत्रासह मुदतवाढीचा अर्ज करावा. त्याची फी यजमानाने भरावी. जिची मुदत आधीच उलटली आहे, तिचे तिकीट काढण्यापूर्वी दिवस मोजावे आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे, शेजाऱ्याला नव्हे. आणि जी अशी अडकली आहे, तिच्याबद्दल समारंभांतून कुजबुज करणे बंद करावे. तिला कोणी ठेवून घेतले, ते आधी विचारावे.

दहा वर्षे थोडी नव्हेत. जिच्या हातचे पहिले न्हाऊ घेतले ते बाळ तोपर्यंत चौथी-पाचवीत जाते, आणि साठीची मावशी सत्तरीला पोहोचते. पुढचा प्रवास तिला झेपेल की नाही, हे सांगायला नर्स कशाला हवी? तिला वेळेवर विमानात बसवा, म्हणजे ती पुन्हा येऊ शकेल.