एवढंही माहीत नाही?

आमच्या वर्धेत माणसाला म्हातारपण वयाने येत नाही, 'काकाजी' या हाकेने येतं. परवापरवापर्यंत बँकेच्या काउंटरसमोरची पोरं मला 'भाऊ' म्हणत. एके दिवशी एकाने 'काकाजी, पासबुक' म्हटलं आणि आठवडाभरात बाकीच्यांनी ती बढती मंजूर करून टाकली. बँकेत इतकी झटपट बढती मला कधीच मिळालेली नाही.

पण माझी तक्रार त्या हाकेबद्दल नाही. तक्रार आहे ती 'एवढंही माहीत नाही?' या प्रश्नाबद्दल.

त्याचं असं झालं. चिरंजीवांचे मित्र घरी आले होते. कुणा एकाचं नाव घेऊन सगळे भारावले होते. आपणही काही मागे नाही हे दाखवावं, म्हणून चिवड्याची बशी ठेवता ठेवता मी म्हणालो, "सध्या फॉर्मात आहे बुवा. फक्त स्पिन खेळता येत नाही त्याला!" खोलीत शांतता पसरली. तो गायक निघाला.

मित्र गेल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही कायले मधात बोलता? एवढंही माहीत नाही?" तेव्हापासून मित्र आले की तो फाटकाबाहेर उभा राहूनच बोलतो. हे मात्र मला लागलं.

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा आणि नावे, दोन्ही बाजू पाहायची सवय. हीच मंडळी माझ्या काउंटरवर येतात तेव्हा रक्कम अक्षरी लिहायची म्हटलं की त्यांना घाम फुटतो. ६९ म्हणजे एकोणसत्तर की एकोणऐंशी, यावर दोन पदवीधर माझ्यासमोर भांडले आहेत. तीन महिने उलटले की चेक शिळा होतो, हे ऐकून एकाने घरात पोळी शिळी झाल्यासारखं तोंड केलं. तरी मी कुणाला 'एवढंही माहीत नाही?' म्हटलेलं नाही. तेव्हा अज्ञानाचा ताळेबंद मांडला, तर दोन्ही बाजू चोख जुळतात!

मग माझं चुकलं कुठे? गायक माहीत नव्हता यात नाही. माहीत असल्याची थाप मारली, यात. आणि तीसुद्धा वर्धेत राहून!

१९३१ साली लंडनमध्ये चार्ली चॅप्लिन गांधीजींना भेटायला आला. चॅप्लिन बेचाळीस वर्षांचा, साऱ्या जगाचा लाडका. गांधीजी बासष्टीला टेकलेले. हा चॅप्लिन कोण, हे त्यांना आधी सांगावं लागलं होतं. पण 'वा, तुमचे सगळे सिनेमे पाहिलेत' असलं काही त्यांनी ठोकून दिलं नाही. चॅप्लिनही रुसला नाही. तुमचा यंत्रांना विरोध का, असं त्याने विचारलं, आणि दोघे त्यावर बोलले. पुढे १९३६ साली यंत्रयुगाची टर उडवणारा त्याचा 'मॉडर्न टाइम्स' आला. त्याच वर्षी, वयाची सहासष्ट वर्षं उलटल्यावर, गांधीजी आमच्या शेगावात म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. त्यांच्या मागोमाग तिथे तरुण मंडळी येत राहिली. पंचा जुन्या फॅशनचा आहे म्हणून कुणी फाटकाबाहेर थांबल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा माझ्या वयाच्या तमाम काकाजींना माझं सांगणं आहे: केस काळे करा, हरकत नाही, पण अज्ञानाला कलप लावू नका. तो आधी उतरतो. आणि तरुण मित्रांनो, तुम्हीही हसण्याआधी एकोणसत्तर लिहून दाखवा.

परवा मी चिरंजीवांना सरळ विचारलं, "तो तुमचा गायक कोण रे? मला नाही माहीत." तो आधी चमकला, मग शेजारी येऊन बसला आणि तब्बल अर्धा तास समजावत राहिला. एक गाणंही ऐकवलं. मला त्यातलं काही कळलं नाही, आणि मी तसं सांगितलं.

उठताना त्याने हळूच शैक्षणिक कर्जाचा अर्ज पुढे केला. "बाबा, हे सहकर्जदार म्हणजे कोण?"

'एवढंही माहीत नाही?' अगदी ओठांवर आलं होतं. पण गिळलं.

"ज्याला तुमचं गाणं कळत नाही, तरी ज्याची सही लागते, तो!"