सायक्लोनची कसोटी

डिसेंबर १९९६मध्ये 'सायन्स' साप्ताहिकातील एका लेखाने संलयन-संशोधनात मोठी खळबळ माजवली. टेक्सास विद्यापीठातील माइक कोट्शेनरॉयथर आणि बिल डॉरलंड यांचे गणित सांगत होते, की तेव्हा आराखड्यात असलेली 'इटर' भट्टी अपेक्षित कामगिरी करू शकणार नाही. प्लाझ्मातील संक्षोभ उष्णता इतक्या वेगाने बाहेर ओढून नेईल की ज्वलन टिकणार नाही. ८.१ मीटर मुख्य त्रिज्येचे, १५०० मेगावॉटचे ते यंत्र. त्यावर अब्जावधी डॉलर खर्च व्हायचे होते, आणि आक्षेप आला होता संगणकातून.

लिव्हरमोर येथील अँड्रिस डिमिट्स यांचा कण-कोड मात्र उष्णतेची गळती बरीच कमी दाखवत होता. आकडे जुळेनात, तेव्हा अमेरिकेतील गटांनी 'सायक्लोन' प्रकल्प हाती घेतला. सॅन दिएगोच्या डीथ्री-डी टोकामॅकमधील एका डिस्चार्जचे आकडे घेतले, चुंबकीय पृष्ठभाग वर्तुळाकार मानले, इलेक्ट्रॉनांचे वर्तन सोपे केले आणि हे एकच गणित सगळ्या कोडना घातले.

निकाल २००० साली 'फिजिक्स ऑफ प्लाझ्माज'मध्ये छापून आला. तापमानाचा उतार मुख्य त्रिज्येच्या मापात मोजला, तर रेषीय सिद्धान्तानुसार अस्थिरता ४च्या आसपास सुरू होते. प्रत्यक्षात संक्षोभातून उष्णता वाहू लागते ती ६च्या आसपास. मधल्या पट्ट्यात प्लाझ्मा स्वतःच झोनल प्रवाह उभे करतो आणि ते भोवऱ्यांना कातरून टाकतात. हा पट्टा म्हणजेच आजची 'डिमिट्स शिफ्ट'. टेक्सासच्या प्रारूपामागील जायरोफ्लुइड समीकरणांत हे प्रवाह अवाजवी लवकर विझत होते. मार्शल रोझेनब्लुथ आणि फ्रेड हिंटन यांनी १९९८मध्ये कागदावरच्या गणिताने दाखवले, की टकरी नसतील तर त्यांचा काही अंश टिकूनच राहतो. कोडमध्ये बग नव्हता. सुटसुटीतपणासाठी धरलेले एक गृहीतक चुकले होते. ते कितीही मोठा क्लस्टर लावून एकाच कोडला सापडले नसते.

इटर पुढे ६.२ मीटर आणि ५०० मेगावॉटवर आले, ते मुख्यतः खर्चापायी. कडेचे तापमान गाभ्याचे भवितव्य ठरवते, हा कोट्शेनरॉयथर आणि डॉरलंड यांचा मूळ मुद्दा मात्र आजही खरा आहे.

आज जायरोकायनेटिक कोड लिहिणारा जवळपास प्रत्येक जण आधी सायक्लोनचे गणित सोडवतो. ग्रिड दुप्पट करायची, टाइमस्टेप निम्मी करायची, दुसऱ्या कोडशी आकडे ताडून पाहायचे. यात महिने जातात, आणि प्रबंधात त्याची एका परिशिष्टावर बोळवण होते. हा अन्याय आहे. इटरचा सुमारे ३,८५० टनांचा क्रायोस्टॅट भारताने दिला; त्याचे भाग हझिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने घडवले. अशा कामात वेल्डच्या तपासणीची नोंद ठेवल्याशिवाय माल पुढे सरकत नाही. भट्टीच्या आराखड्याला आधार देणाऱ्या आकड्याला हा नियम का नसावा?

प्रश्न आता जास्त निकडीचा आहे. एमआयटी, सॅन दिएगो आणि सहकाऱ्यांनी आयन व इलेक्ट्रॉन या दोन्हींच्या मापांवरचा संक्षोभ एकत्र सोडवला, तेव्हा एकेका सिम्युलेशनला सुमारे दीड कोटी कोअर-तास लागले. एवढी रांग कोण लावणार? म्हणून न्यूरल नेटवर्कची सरोगेट प्रारूपे आली, आणि ती उपयोगी आहेतच. 'क्वालिकिझ' या अर्धरेषीय कोडच्या सुमारे ३० कोटी उत्तरांवर घडवलेले नेटवर्क मूळ कोडपेक्षा हजारो पटींनी वेगवान आहे. परंतु अर्धरेषीय प्रारूपात डिमिट्स शिफ्ट आपोआप उतरत नाही. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

'नेचर मशीन इंटेलिजन्स'मधील २०२४चा एक आढावा इथे प्रत्येकाने वाचावा. प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेशी निगडित दोन संशोधकांनी तो लिहिला. प्रवाही पदार्थांची आंशिक विकलन समीकरणे मशीन लर्निंगने जुन्या पद्धतीपेक्षा झटपट सुटतात, असा दावा करणारे ७६ लेख त्यांनी तपासले. त्यांपैकी ६० लेखांनी तुलनेसाठी दुबळी पद्धत निवडली होती. चांगल्या पारंपरिक सॉल्व्हरसमोर, तेवढ्याच अचूकतेवर, सरोगेट किती वेगवान आहे, हे सांगितल्याशिवाय दिलेला पटींचा आकडा निरर्थक ठरतो.

गांधीनगरजवळच्या भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हे टोकामॅक १९८९ साली सुरू झाले. सिम्युलेशनचे काम करणारी नवी पिढी तिथे आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत घडते आहे. मार्गदर्शकांनी तिच्या पडताळणीला स्वतंत्र प्रकरणाचा मान द्यावा. परीक्षकांनी लेख स्वीकारण्याआधी इनपुट फाइल मागावी.

या मासिकात पुढच्या अंकापासून पडताळणीच्या नोंदींसाठी चार पाने राखून ठेवली आहेत. नोंद पाठवताना किमान दोन ग्रिडवरची उत्तरे, इनपुट फाइल आणि कोडची आवृत्ती द्यावी. उत्तर जुळले नसेल, तरीही नोंद जरूर पाठवावी. ती आधी छापली जाईल.