कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ

लोहाराने पाते कितीही धारदार घडविले, तरी सुताराने दांडा बसविल्यावाचून कुऱ्हाड झाडास लागत नाही. हे आमच्या कारागीर बंधूंस सांगावयास नको. जुलमी सत्तेचेही तसेच आहे. पाते तिचे असते. दांडा मात्र ती आमच्याच रानातून तोडून नेते.

केज व अवघा बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, पण निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. शेजारच्या लातूरचा वकील कासीम रझवी ह्याच्या रझाकारांनी गावे लुटली, घरे जाळली, माणसे मारली. त्याच वेळी मीर लायक अली ह्यांच्या मंत्रिमंडळात हिंदू पुढारीही बसले होते. पिंगळी व्यंकटराम रेड्डी उपपंतप्रधान होते. दलितांचे पुढारी बी. एस. व्यंकटराव मंत्री होते. त्यांना खुर्ची का मिळाली? रयतेचीही माणसे आमच्यात आहेत, असे जगाला दाखविता यावे म्हणून!

असा पुढारी नेहमी म्हणतो, ‘मी आत राहून तुमचे भले करीन.’ दलितांची दैना खरीच होती व ती हटविण्याची निकडही खरी होती. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर 1947 मध्ये हैदराबाद संस्थानातील दलितांस बजावले, की निजामाची बाजू घेऊन समाजास कमीपणा आणू नका. तुकड्यासाठी मान विकू नये, हाच त्यातला बोध.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच मंत्रिमंडळातील जोशी नावाच्या मंत्र्याने 1948 मध्ये राजीनामा दिला, आणि परभणी व नांदेड जिल्ह्यांत कशी दहशत माजली आहे, लोहा गावी आपण डोळ्यांनी काय पाहिले, हे त्यात लिहून ठेवले. भटशाहीवर आम्ही कोरडे ओढतो; म्हणून ह्या माणसाचे हे कृत्य झाकावे काय? मुळीच नाही! ‘इमरोज’ पत्राचे मुसलमान संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी विलीनीकरणाची बाजू मांडली, आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. मग फितुरीस जात कोणती, व इमानास धर्म कोणता?

हा विवेक सुटला की काय होते, तेही आमच्याच मुलुखाने पाहिले. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. त्यानंतर रझाकारांच्या पापाचा सूड गोरगरीब मुसलमानांवर उगविला गेला. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हजारो माणसे मारली गेल्याचे नमूद केले. दांडा सुटला, आणि कुऱ्हाड पडली भलत्याच झाडावर!

शेतकरी बंधूंनो, बी घेताना तुम्ही दाणा दाताखाली धरून पाहता. पुढारीही तसाच पारखा. दर 17 सप्टेंबरला झेंड्याखाली भाषणे होतात, ती ऐका. पण सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्यास दोन प्रश्न जरूर विचारा. रयत जळत होती तेव्हा तू आत काय बोललास? आणि तुझे कोणी ऐकले नाही, तेव्हा उठून बाहेर आलास काय? पहिल्यास उत्तर नसेल तो भित्रा. दुसऱ्यास उत्तर नसेल, तो दांडा समजावा. मग तो आपल्या जातीचा का असेना!