शेजारच्या वर्गात एक तास

गेल्या महिन्यात आमच्या समितीच्या बैठकीत मराठी शाळांना काय द्यावे यावर दोन तास खल झाला. एकाने प्रोजेक्टर सुचवला, दुसऱ्याने टॅब. शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावे यासाठी काय करता येईल, हा प्रश्न कुणाच्याच तोंडी आला नाही. माझ्याही नाही. सप्तापूरला घरी परतताना तो सुचला, म्हणून हा लेखनप्रपंच.

यंत्राला माझा विरोध नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी आणि पाठ मुलांच्या हाती दिले. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड सर्रास आले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. कोडपेक्षा ही वाटणीच मला अधिक मोलाची वाटते.

आपल्याकडे काय होते? चित्रफीत सुरू होते, मुले गप्प बसतात, गुरुजी वह्या तपासतात. मीही तपासल्या आहेत.

चौथीतली एक मुलगी, घरी कन्नड बोलणारी, ‘काळा टोपी’, ‘मोठा खिडकी’ असेच लिहायची. मी वर्षभर लाल शाईने गोल करत राहिलो. एकदा मधल्या सुट्टीत कन्नड शिकवणाऱ्या बाईंना वही दाखवली. त्या हसून म्हणाल्या, ‘‘सर, आमच्या टोपीला आणि खिडकीला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतंच की! आणि ‘करि’ म्हणजे काळं. टोपी असो की कुत्रं, करि ते करिच.’’ धारवाडात जन्म गेला, कन्नड रोज बोलतो, पण या अंगाने कधी पाहिले नव्हते! मग आम्ही दोघांनी मिळून साध्या मोबाइलवर मुलांचीच वाक्ये ध्वनिमुद्रित केली. स्वतःचा आवाज ऐकून मुलगी मध्येच म्हणाली, ‘‘थांबा सर, काळी.’’ मोबाइल तोच, गेली कित्येक वर्षे खिशात होता. बाईंना विचारायचे तेवढे राहिले होते.

हे गाव द. रा. बेंद्र्यांचे. घरची भाषा मराठी, कवी कन्नडचे, आणि सोलापूरच्या डी.ए.व्ही. महाविद्यालयात वर्षानुवर्षे कन्नडचे प्राध्यापक. त्यांच्या गावात शिक्षकांच्या खोलीत मराठीचे टेबल वेगळे आणि कन्नडचे वेगळे, याला काय म्हणावे? असो.

महिन्यातून एक तास प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे, मराठीच्याने कन्नडच्या वर्गातही. तपासणीला नव्हे, शेरा लिहायलाही नव्हे. पोर्शन कोण पुरा करणार, ही तक्रार येणारच आणि ती खोटी नाही. मुख्याध्यापकांनी त्या तासाची बदली वेळापत्रकातच लावून द्यावी लागेल. उन्हाळी प्रशिक्षणात दिवसभर पडद्यावरच्या चौकटी पाहून जे हाती लागत नाही, ते अशा तासात लागते, असा माझा तरी अनुभव आहे.

पुढच्या बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. प्रोजेक्टरच्या ठरावालाही माझे मत आहेच. समितीच्या सभासदांनी त्याआधी एकदा माझ्या वर्गात यावे. चौथीचा मराठीचा तास अकराला असतो.