फेणे मोठा का झाला?

परवा घरी 'फास्टर फेणे' पुन्हा लावला. आदित्य सरपोतदारचा, २०१७ सालचा. अमेय वाघ झकास, आणि दिलीप प्रभावळकरांना चक्क भा. रा. भागवत म्हणून बघायला मजा येते. पण अमेरिकेतच वाढलेला माझा नऊ वर्षांचा मुलगा मध्येच म्हणाला, "बाबा, हा तर मोठा माणूस आहे!"

मी क्लीन बोल्ड.

जुनी पात्रं नव्याने रंगवू नयेत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. गाय रिचीचा 'शेरलॉक होम्स' (२००९) मी इथे पीएचडीला नवा असताना पाहिला. रॉबर्ट डाउनीची मारामारी बघून मित्र वैतागले. अहो, पण डॉइलच्या 'द साइन ऑफ फोर'मध्येही होम्स बॉक्सिंग खेळलेला आहेच! उलट ती प्रसिद्ध शिकारी टोपी त्याला चढवली चित्रकार सिडनी पॅजेटने. टोपी काढली तरी होम्स उरतो, कारण तो निरीक्षणात आहे.

फेणेचं तसं नाही. पुस्तकातला बनेश शाळकरी, किडकिडीत, सायकलवर सुसाट जाणारा. म्हणूनच वाचताना वाटायचं, हे आपल्यालाही जमेल! चित्रपटातला फेणे मेडिकल प्रवेशपरीक्षेतला घोटाळा उकलतो. 'ट्टॉक' आहे, वेग आहे, पण ते वय नाही. मोठे हिरो इथल्या मुलांना ढिगाने मिळतात. शोध लावणारा मराठी शाळकरी मुलगा कुठून आणायचा?

असो. आता रोज रात्री मूळ पुस्तक वाचून दाखवतोय. चिरंजीव मराठीत अडखळतात, पण "पुढे काय झालं?" हे मात्र अस्खलित विचारतात.