जुम्म्याचे बयान मराठीत का नको?

हजरत ईसा अलैहिस्सलाम यांची बोली अरामी. पण पौलाने करिंथ आणि रोमच्या ख्रिस्ती मंडळींना पत्रे लिहिली ती ग्रीकमध्ये. त्या लोकांना तीच समजत होती. धर्म पसरला त्यात या गोष्टीचा वाटा मोठा.

आपल्या शेजारी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी तेच केले. १५७९ साली आलेला हा इंग्रज जेझुइट मराठी शिकला आणि त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. पोर्तुगीजांची जबरदस्ती मी विसरलेलो नाही. इन्क्विझिशनही त्याच गोव्यातले. पण १६८४ मध्ये त्याच सरकारने स्थानिक भाषेवर बंदी घातली, तरी या ओव्या हस्तलिखितांतून पार मंगळूरकडे टिकून राहिल्या.

आपल्याकडेही सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद होते, मराठीत योगसंग्राम लिहिणारे. त्यांची आठवण किती मशिदींत निघते?

इथे बिद्रीत आमची पोरे कारखान्यावर, एसटीत, घरातसुद्धा मराठी बोलतात आणि जुम्म्याला उर्दू बयान ऐकतात. निम्मे डोक्यावरून जाते. मी स्वतः उर्दू शिकवतो, तेव्हा उर्दूशी माझे वैर नाही. खुतबा अरबीतच राहू दे. त्याआधीचे बयान मात्र मराठीत व्हावे. प्रत्येक पैगंबर आपल्या कौमच्या भाषेतच बोलला, हे सूरह इब्राहीममध्येच आले आहे.

महिन्यातला एक जुम्मा तरी करून बघा.