आधी किती सीसी होते?

स्तनातल्या इम्प्लांटच्या फेरशस्त्रक्रियेसाठी आलेल्या पेशंटशी बोलणे सुरू झाले की पहिल्या पाच मिनिटांत एक आकडा टेबलावर येतो. ‘‘आधी 300 होतं, आता 375 घाला,’’ किंवा नेमके उलटे. तिने आकडा सांगितला नाही तर आपणच विचारतो. एकदा तो केसपेपरवर उतरला की पुढची सगळी चर्चा त्याच्याच भोवती फिरते: पन्नास वर जायचे की शंभर खाली यायचे. या महिन्यात आम्हाला या सवयीशीच भांडायचे आहे.

जुन्या आकड्यावरून इतकेच कळते की अमुक वर्षी, तेव्हाच्या ऊतींमध्ये, अमुक आकाराचे इम्प्लांट मावले होते. तेही आकडा खरा असेल तर. कार्ड हरवलेले असते, शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात किंवा परदेशात झालेली असते, आणि डिस्चार्ज कार्डावर ‘सिलिकॉन, दोन्ही बाजू’ याखेरीज काही नसते. सलाइनचे इम्प्लांट असेल तर खोक्यावरचा आकडा एक आणि प्रत्यक्ष भरलेले सलाइन दुसरेच. जेलचे इम्प्लांट काढल्यावर मागच्या बाजूची छपाई वाचता येते. ती पुसट असेल तर सरळ निर्जंतुक वाटीत ठेवून वजन करावे. सिलिकॉन जेलची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने ग्रॅम आणि सीसी फारसे वेगळे येत नाहीत. इम्प्लांट फाटलेले असेल तर मात्र ही युक्ती निरुपयोगी. कॅप्सूलमध्ये राहिलेले जेल कोण मोजणार?

शिवाय सीसी म्हणजे आकार नव्हे, हे आपल्याला ठाऊक असते पण पेशंटला सांगायचे राहून जाते. तेच 350 सीसी मध्यम प्रोफाइलमध्ये पसरते आणि हाय प्रोफाइलमध्ये पायाशी अरुंद होऊन पुढे येते. ब्राच्या कपाबद्दल तर बोलायलाच नको. दोन दुकानांतला ‘सी’ सारखा नसतो.

1962 साली ह्यूस्टनमध्ये क्रोनिन आणि जेरो यांनी पहिले जेल इम्प्लांट बसवले. त्यानंतर कित्येक दशके आकार ठरवण्याची पद्धत म्हणजे सर्जनची नजर आणि पेशंटची इच्छा. टेबेट्स आणि अॅडम्स यांनी 2005 मध्ये पाच मापांवर पाच निर्णय बांधून दाखवले, तेव्हा कुठे या कामाला शिस्त आली. स्तनाच्या पायाची रुंदी, वरच्या भागातली आणि खालच्या घडीजवळची चिमटीतली जाडी, त्वचा पुढे किती ओढली जाते आणि स्तनाग्रापासून घडीपर्यंतचे ताणलेले अंतर. आपल्यापैकी अनेकांच्या खिशातल्या कॅलिपरचे श्रेय याच पद्धतीला जाते.

पण ती पद्धत आधी न उघडलेल्या स्तनासाठी आहे. फेरशस्त्रक्रियेत हीच मापे फसवतात. पायाची रुंदी मोजावी तर बरेचदा जुन्या इम्प्लांटचीच रुंदी हाती येते. त्याने ग्रंथी बाजूला सारून स्वतःपुरती जागा केलेली असते. चिमटीत वरच्या भागात दोन सेंटिमीटर आले म्हणून आपण निश्चिंत होतो, पण त्यात कॅप्सूलही धरलेली असते. ती काढल्यावर किती उरणार? म्हणून चिमट्याची चाचणी टेबलावर, कॅप्सूल निघाल्यानंतर, पुन्हा करायलाच हवी.

सर्वांत मोठा घोटाळा ताणाच्या मापांचा. पहिल्या वेळच्या कोष्टकात त्वचा सैल असेल, घडीपर्यंतचे अंतर जास्त असेल, तर आकडा वाढवायचा असतो: रिकामी पिशवी भरायला जास्त माल लागतो, हा हिशोब. इथे ती पिशवी इम्प्लांटनेच सैल केलेली असते. दहा-बारा वर्षे तोललेल्या वजनाने खालचा भाग लांबला, इम्प्लांट घडीखाली उतरले, स्तनाग्र वर पाहू लागले. हे मोजून कोष्टकाप्रमाणे मोठे इम्प्लांट घालणे म्हणजे ज्या कारणाने घर खचले, तेच ओझे वाढवून त्याला आधार देण्यासारखे आहे.

हे आम्ही शहाणपणाने सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटला, दोन बाळंतपणांनंतर सैल पडलेल्या त्वचेसाठी, 300 च्या जागी 375 घातले होते. तिला स्तन उचलण्याचे टाके नको होते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते घालायचे नव्हते. टेबलावर बसवून पाहिले तेव्हा सगळे छान भरून आले. दोन वर्षांनी ती परत आली. पाठ दुखत होती, वरच्या भागात कडा आणि सुरकुत्या दिसत होत्या, खालची त्वचा इतकी पातळ झाली होती की इम्प्लांटची घडी बोटाला लागत होती. तिसऱ्या शस्त्रक्रियेत आम्ही लहान इम्प्लांट घातले आणि जी स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया आधीच करायला हवी होती, ती केली. तोपर्यंत तिच्या ऊतींमध्ये दुरुस्तीला फार वाव उरला नव्हता. अमेरिकेत एफडीएसमोर आलेल्या दीर्घ अभ्यासांतही फेरशस्त्रक्रियेच्या गटात पुन्हा टेबलावर यावे लागण्याचे प्रमाण पहिल्या वेळच्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. आम्हाला त्याचे आता आश्चर्य वाटत नाही.

जुलै 2019 मध्ये एफडीएच्या विनंतीवरून अॅलर्गनने बायोसेल या खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. लक्षणे नसताना ती काढा, असा सल्ला एफडीएने दिला नव्हता. तरीही खरबरीत काढून गुळगुळीत घालण्याची मागणी आली, आणि तिच्यासोबत एक निरागस वाक्य: ‘‘साइज तीच ठेवा.’’ खरबरीत इम्प्लांट ऊतींना धरून बसलेले असते. गुळगुळीत घसरते आणि त्याचे सगळे वजन खालच्या भागावर येते. तोच आकार त्याच सैल पॉकेटमध्ये ठेवला तर वर्षभरात ते कुठे असेल, हे आपण पेशंटला आधी सांगायला हवे. लहान आकार घेताना कॅप्सूलला टाके घालून पॉकेट आवळावे लागते. जुनी पुढची कॅप्सूल आणि स्नायू यांच्यामध्ये नवे पॉकेटही करता येते. त्याचा फायदा असा की ते नव्या इम्प्लांटच्या मापाने कापता येते. म्हणजे आकार आणि पॉकेट हे दोन निर्णय वेगळे नाहीत. आधी आकार ठरवून मग पॉकेटचे बघू, असे म्हणणारा सर्जन दोनदा अडकतो.

मोठे इम्प्लांट नेहमीच चूक, असे आमचे म्हणणे नाही. पहिल्यांदाच अपुरे घातलेले असेल, वरचे आवरण जाड असेल, पायाची रुंदी शिल्लक असेल, तर वाढवावे. मात्र तीस-पन्नास सीसींचा फरक पेशंटला बहुधा जाणवतही नाही. आकारासाठीच नाराज असलेली स्त्री इतक्याने समाधानी होणार नाही, आणि धोका मात्र पूर्ण शस्त्रक्रियेचा. वाढ दिसेल इतकी ऊती सोसणार नसतील, तर ‘नाही’ म्हणणे सोपे नसले तरी दुसरा मार्ग नाही. आवरण फारच पातळ असेल, आधीच्या छेदांमुळे स्तनाग्राच्या रक्तपुरवठ्याची शंका असेल, तर इम्प्लांट नुसते काढून काही महिने थांबावे. सुटलेली त्वचा किती आवळते हे पाहून पुढचे ठरवावे. त्या काही महिन्यांत कपडे कसे घालायचे, घरच्यांना काय सांगायचे, हा प्रश्न आमच्या मासिकाच्या आवाक्यातला नाही, पण ओपीडीत तोच सर्वांत आधी विचारला जातो. त्याला वेळ द्यावा.

एक व्यवहाराची गोष्ट. वितरकाकडून आपण इम्प्लांट मागवतो तेव्हा ठरवलेला आकार, त्याच्या वरचा एक आणि खालचा एक, असे तीन जोड येतात. कॅप्सूल निघाल्यावर, सायझर घालून पेशंटला टेबलावर बसते केल्यावर, हे तिन्ही मोठे ठरल्याचे आम्ही पाहिले आहे. तेव्हापासून आम्ही चौथा जोड मागवतो, सर्वांत लहान. वितरकाचा माणूस दर वेळी विचारतो, ‘‘डॉक्टर, हा परत न्यायचा ना?’’ गेल्या काही वर्षांत आमच्या ओटीत उघडला जाणारा खोका बरेचदा तोच असतो.